नाडी ऐंशीच्या आत

सोमवार, दिनांक नऊ जून रोजी सकाळी साडेदहा वाजता, सांगली मुक्कामी, हरिद्रा सहकारी खरेदी-विक्री संघाच्या मुख्य कार्यालयात, कनिष्ठ लिपिकाच्या एका जागेसाठी आलेल्या एकोणीस उमेदवारांनी रीतसर घाबरावयास प्रारंभ केला.

घाबरणे ही उमेदवाराची खासगी बाब आहे, असा संघाचा गेल्या वर्षापर्यंत समज होता. परंतु लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला की, करोनाच्या काळात खरेदी केलेली, बोटाला लावून नाडी मोजणारी चाळीस यंत्रे कपाटात पडून आहेत. त्यांचा उपयोग दाखवावा. उपयोग दाखवावयाचा तर नाडी मोजणे आले, आणि नाडी मोजावयाची तर कारण आले. संचालक मंडळाने तीन बैठका आणि तीन वेळचे जेवण खर्ची घालून ते कारण शोधून काढले: मुलाखतीची धास्ती. ठराव झाला की, ज्याची नाडी मिनिटाला ऐंशीच्या वर आहे तो मनाने अस्थिर समजावा. त्यास शांत होण्याच्या तीन संधी द्याव्यात आणि तरीही तो शांत न झाल्यास घरी पाठवावे. ठरावाच्या शेवटी ‘उमेदवारांच्या हितार्थ’ हे दोन शब्द घातले असल्याने त्यास कोणीही हरकत घेतली नाही.

दुधगावचा गोमटेश धनपाल चौगुले हा रांगेत सातवा होता. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो गेली सात वर्षे मार्केट यार्डातल्या एका अडतीत हळदीच्या पोत्यांवर नंबर टाकीत होता. तीस जूनला त्यास तेहेतीस वर्षे पुरी होणार होती, आणि जागेची वयोमर्यादाही तेहेतीसच होती. अर्थात ही त्याची अखेरची मुलाखत. अशा मनुष्याचे काळीज संथ चालावे ही अपेक्षा केवळ संचालक मंडळच करू शकते.

यंत्रे लावण्याचे काम धोंडुबाईंकडे होते. त्या आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या परिचारिका.

“एकशे बारा,” त्या म्हणाल्या. “पळत आलास व्हय रं?”

“न्हाई मावशी, एस.टी.नं आलो.”

“मग एवढं धडधडाय काय झालं? संचालक काय खातेत का तुला?”

“खात न्हाईत, पण घेतबी न्हाईत न्हवं.”

त्याची रवानगी शांतता कक्षात झाली. हा कक्ष म्हणजे गुळाच्या गोदामाचा पडदा लावून वेगळा काढलेला कोपरा. तेथे मोबाइलवर बासरी वाजत होती आणि तिच्या तालावर माश्या घोंगावत होत्या. उमेदवारास हळदीचा काढा देण्यात येई. गोमटेशने पेला नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

“ह्यात मध हाय, मावशी. आमच्या जैनांत मध चालत न्हाई.”

धोंडुबाईंनी नमुना क्रमांक चारमध्ये ‘शांततेस असहकार’ अशी नोंद करून पहिली संधी खोडली. गोमटेशने मग डोळे मिटले आणि आई प्रभावतीने लहानपणी शिकविलेला णमोकार मंत्र मनात म्हणू लागला. ओठ हलताना दिसताच धोंडुबाईंनी त्याला हलविले.

“तसलं काय करू नगंस. संघानं दिलेल्या साधनानंच शांत व्हायचं. भाइरनं आणलेली शांतता चालत न्हाई, परिपत्रक हाय.”

“आवं, पण शांत झाल्याशी मतलब ना? ती कुठनं आणली ते कशाला बघता?”

“वाद घालू नगंस. एकशे एकवीस. दुसरी संधी संपली बघ.”

शेजारच्या खुर्चीवर एक तरुण पाय पसरून घोरत होता. त्याच्या बोटावरचे यंत्र बासष्ट दाखवीत होते. गोमटेशने आदराने विचारले, “ह्यांनी काय केलं म्हणायचं?”

धोंडुबाईंनी आवाज उतरविला. “काय न्हाई केलं. राजवर्धन त्यो, अध्यक्षांचा भाचा. त्याचं टेबल गेल्या हप्त्यातच मांडलंय. नावाची पाटीसुदिक रंगवून आलीया.”

येथे एक वैद्यकीय चमत्कार घडला. गोमटेशच्या बोटावरचा आकडा शंभराखाली आला, नव्वदाखाली आला आणि अडुसष्टावर स्थिरावला. बासरी, काढा आणि मंत्र यांना जे साधले नव्हते ते एका बातमीने साधले. कारण आशा सुटली की नाडी उतरते. नियमानुसार तो पात्र ठरला आणि बोटावरच्या यंत्रासह आत गेला.

अध्यक्ष लालासाहेबांनी विचारले, “एवढे शांत कसे काय तुम्ही?”

“साहेब, जागा कुणाची ते बाहेर समजलं.”

दोन संचालकांनी एकाच वेळी पाण्याचा पेला उचलला. गोमटेशकडे आता गमावण्यासारखे काही उरले नव्हते, आणि असा मनुष्य दारावर डकविलेला ठराव वाचूनच आत येतो. तो नम्रपणे म्हणाला, “ठरावात ‘मुलाखत कक्षातील प्रत्येक व्यक्ती’ असे शब्द आहेत. आपलीही नाडी बघावी लागंल.”

धोंडुबाईंना बोलावून यंत्र लावले, तो लालासाहेबांची नाडी एकशे सव्वीस निघाली. म्हणजे मुलाखत घेण्यास अध्यक्षच अपात्र. परंतु लालासाहेबांनी चार निवडणुका काढल्या होत्या. ते पुढे झुकले आणि मायेने म्हणाले, “चौगुले, नियम जाणणारा माणूसच संघाला पाहिजे. दुसरी जागा आत्ताच मंजूर करतो. उद्यापासून कामावर या.”

गोमटेशच्या डोळ्यांपुढे दुधगावचे घर उभे राहिले. दारात आई होती आणि वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. यंत्र टिकटिकू लागले. अडुसष्ट, पंच्याण्णव, एकशे अठरा.

“अरेरे!” लालासाहेब हळहळले. “शेवटची संधीही गेली की. धोंडुबाई, न्या यांना.” त्यांची स्वतःची नाडी एव्हाना चौऱ्याहत्तरावर आली होती, आणि ती इतिवृत्तात नोंदविण्यात आली.

बाहेर येताच गोमटेशचा तोल सुटला. “ह्यो नियम न्हवं, गड्यांनो, ह्यो वशिला हाय! लाज कशी वाटत न्हाई ह्यांना?” राजवर्धन सोडून उरलेल्या सतराही उमेदवारांनी संतापाने माना हलविल्या. कोणी निवेदन द्यावे म्हणाला, कोणी वर्तमानपत्रात द्यावे म्हणाला.

यंत्र काढून घ्यावयास आलेल्या धोंडुबाई थांबल्या. त्यांनी त्याचे बोट हातात धरून ठेवले.

“एक इचारू? लालासाहेब तुजा मामा आसता, तर ह्यो ठराव वाईट हाय म्हनला आसतास?”

“म्हनलो आसतो,” गोमटेश तत्काळ उत्तरला.

सगळ्यांच्या नजरा आकड्याकडे गेल्या. एकशे चार होते ते एकशे पंधरा झाले. मग एकशे एकोणतीस.

सतरा उमेदवारांचे हात हळूच खिशात किंवा पाठीमागे गेले.

“लपवू नगासा,” धोंडुबाई यंत्र पुसत म्हणाल्या. “मशीन न लावताबी कळतंय मला. सगळी अपात्र.”