धर्माकाकांची बाज

आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगीत कोणी नवीन माणूस धर्माकाका म्हात्र्यांकडे गेला, की काका त्याला चहाच्या आधी एक काचेची बाटली दाखवतात. बाटलीत जिवंत ढेकूण असतात. "घाबरू नका, परीक्षेला बसलेत," काका म्हणतात. तो माणूस चहा न घेताच उठतो.

परीक्षा खरं तर यंत्रांची असते. ढेकूण उष्णतेनं मरतात, हे काकांनी कुठेतरी ऐकलं आणि तेव्हापासून गरम होणारी प्रत्येक वस्तू ते तपासत सुटले. हयात बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर गेलेली, त्यामुळे निकालाची भाषाही तिथलीच. गादीवर इस्त्री फिरवली. शिवणीतला ढेकूण खुशाल. "वरून लाल, आत कच्चं!" केस वाळवायचं मशीन आणलं, तर ढेकूण उडून शेजारच्या उशीवर. "हे तर त्यांना वारा घालतंय." वाफेचं मशीन जरा पटलं, पण लाकडाच्या खोल चिरेत वाफ पोचेना, आणि सगळं भिजून राहायचं. छोटा हीटर लावला, तेव्हा मंडळी निवांत चालत भिंतीकडच्या थंड बाजूला गेली. "मानसापेक्षा शहाने," काका कौतुकानं म्हणाले.

माझं आणि त्यांचं जमत नाही, हे सांगून ठेवतो. माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. डोक्यावरून खुर्च्या वाहून मी ते उभं केलंय. या माणसानं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, ढेकून तुमच्या सोफ्यातून आले असतील का हो?" नुसता प्रश्न होता, म्हणतात. पण त्यानंतर बिल्डिंगीतल्या एकानंही माझ्याकडून साधं स्टूल घेतलं नाही. मी ते विसरलेलो नाही.

तरी एका सकाळी काका माझ्या दारात.

"शेठ, खोली तापवायचं मोठं मशीन विरारला भाड्यानं मिळतंय. तो मानूस लई भाव सांगतो. तुम्ही चला."

"मी कशाला? माझ्या सोफ्यात ढेकूण आहेत ना?"

"तुमच्याइतका भांडनारा बिल्डिंगीत दुसरा कोन आहे?"

हे मात्र खरं बोलला. गेलो. असा भांडलो की मशीनवाल्यानं भाव उतरवला, दोन पंखे फुकट दिले आणि वर हात जोडले.

मशीन लावून, फटी बुजवून आम्ही दोघं जिन्यात बसलो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत आच पोचायला अर्धा दिवस जातो. आतल्या खोलीत सामान असं नव्हतंच. मधोमध काथ्यानं विणलेली एक जुनी बाज, तिच्या सांध्यात खोचलेला थर्मामीटर.

"एवढा खटाटोप त्या बाजेसाठी? फेकून द्या. माझ्याकडे चांगला पलंग आलाय."

काकांनी जोरात मान हलवली.

"आमची सुनंदा झाली तेव्हा तिची आई याच बाजेवर होती. खाली शेगडी, ओव्याची धुरी. आमच्यात पोरीचं पहिलं बाळंतपन बापाच्या घरी. तिची आई नाही आता. पन बाप आहे ना?"

या सगळ्या परीक्षांच्या आधी सुनंदा राहायला आली होती. घर साफ आहे, असं काकांनीच तिला सांगितलं होतं, आणि ते खोटं बोलले नव्हते. ढेकूण चावला तरी त्यांच्या अंगावर काही उठतच नाही. त्यांना कळणार कसं? सकाळी पोरीच्या हातापायांवर गांधीच गांधी. त्याच दिवशी परत गेली. तिथे बाळंतपण नको, असं सासूबाईंनी सांगितलं. आता ती फोनवर फक्त "बघू, बाबा" म्हणते.

मशीन बंद झालं. बाजेखाली ठेवलेल्या बाटलीतले सगळे परीक्षार्थी मेले होते. काकांनी बाजेवर हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला डास चावला तरी टरारून उठतं. मीटिंगमध्ये बघितलंय. जरा झोपता का इथे?"

"म्हणजे मी आता बाटलीतला ढेकूण?" मी ओरडलो.

"नाही हो. ढेकनांचं जेवन."

संतापून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून आलो आणि आडवा झालो. मग बऱ्याच दुपारी. काका पडदे ओढून अंधार करायचे, आणि उठलो की चष्मा लावून माझे दंड तपासायचे. अंडी उरली असतील, या धास्तीनं मध्ये काही दिवस जाऊ देऊन त्यांनी मला पुन्हा बोलावलं. एक गांध नाही.

काकांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा. माझ्यावर तिचा भरवसा नाही."

"शेठकाका, खरं सांगा हां," पलीकडून सुनंदा म्हणाली.

माल चांगला आहे, हे मी आयुष्यभर सांगत आलोय. गिऱ्हाइकानं विश्वास ठेवावा, असं मनापासून वाटायची वेळ पहिल्यांदाच आली.

"पोरी, मी स्वतः झोपलोय त्या बाजेवर. ये तू."

ती म्हणाली, "ओटी भरली की येते, सांगा बाबांना. पण शेक कोण देणार तिथे?"

मी तिचा प्रश्न काकांना सांगितला. ते तडक आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पुन्हा बोलावणं आलं. मी बाजेवर पालथा, खाली शेगडी, आणि काका गुडघे टेकून निखारे सारखे करत होते.

"सोफ्याचं मीटिंगमध्ये बोला, काका. सगळ्यांसमोर."

"बोलतो, बोलतो. भाजत नाही ना? पोरीची कातडी नाजूक आहे."

"नाही," मी म्हणालो. "जरा डावीकडे घ्या."