कमाल उड्डाण-वजन : निरंक

प्रश्न सोपा असला की कार्यालयातली शांतता अधिक जड होते. नागपूरच्या टँकर समन्वय कक्षात ती टेबलाच्या बरोबर मधोमध बसली होती. तिच्या अलीकडे वरिष्ठ लिपिक मनोहरराव, पलीकडे पारशिवनीकडच्या बोरडोंगरीच्या सरपंच गोपिकाबाई. (पंखा घरघरत होता, तो शांततेत धरला जात नाही.)

गोपिकाबाईंनी विचारलं होतं, "साहेब, टँकर रोज येऊन राहिला. मंग पाणी काहून नाही येत?"

उत्तर फेब्रुवारीत होतं. तेव्हा वरून एक पत्र आलं. हवेत उडता उडता दुसऱ्या विमानांना इंधन पाजणाऱ्या टँकर विमानांविषयी ते होतं. पण विषय 'टँकरबाबत' एवढाच असल्याने साहेबांनी ते पाण्याच्या टँकरांकडे वर्ग केलं. परत पाठवायचं, तर साहेबांच्या हिरव्या शेऱ्याखाली 'चूक' असं लिहावं लागलं असतं. मनोहररावांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांनी पत्राचा अभ्यास केला.

त्यातलं एक उदाहरण त्यांना भिडलं. रिकामं विमान एकशे वीस टन, टाक्यांत मावणारं इंधन एकशे दहा, माल चाळीस. आणि जमीन सोडण्याची मर्यादा दोनशे तीस. टाक्या भरल्या तर माल खाली ठेवायचा, माल घेतला तर टाक्या अपुऱ्या ठेवायच्या. आत मावतं ते सगळं घेऊन कुणालाच उडता येत नाही, हे वाचून ते बराच वेळ खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिले. मग त्यांनी पत्रासोबतचा तक्ता पाण्याच्या टँकरांसाठी भरायला घेतला.

इंधनक्षमता : दहा हजार लिटर. (पाणी हेही द्रवच.) हवेत दुसऱ्या टँकरकडून भरून घेण्याची सोय : अद्याप नाही. कमाल उड्डाण-वजन : इथे पेन थांबलं. रकाना रिकामा सोडणं हा गुन्हा नसेल, पण ते संस्कारात बसत नाही. सदतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

निरंक म्हणजे माहिती नाही, असं लिहिणारा समजतो. निरंक म्हणजे शून्य, असं वाचणारा समजतो. प्रशासन या दोघांच्या मधल्या जागेत राहतं. पंधरा दिवसांत आदेश निघाला : ज्या टँकरचं कमाल वजन शून्य, त्यात शून्याहून अधिक भार भरू नये, फेऱ्या मात्र ठरल्याप्रमाणे व्हाव्यात. तेव्हापासून ड्रायव्हर नत्थू रिकामा टँकर घेऊन रोज दोनदा बोरडोंगरीला जातो, भोंगा वाजवतो आणि फेरीच्या पावतीवर सरपंचांची सही घेतो. मार्चअखेर फेऱ्या शंभर टक्के, गळती शून्य. (कक्षाच्या इतिहासात गळती इतकी कमी कधीच नव्हती.)

"ताई," मनोहरराव अखेर म्हणाले, "टँकरले परवानगी आहे. पाण्याले नाही."

"तुमचा टँकर उडून राहिला काय जी?"

"उडत नाही म्हणून तर निरंक."

"मंग खोडा ना तो शब्द. बाया घोटभर पाण्यासाठी कोरड्या नाल्यात झिरे उकरून राहिल्या. काल आमची कामिनी डोक्यावरच्या पाण्यानं भरल्या गुंडासकट पडली, पाय मोडला तिचा. एका शब्दाचं वजन असते तरी किती गा?"

आदराच्या 'जी'चा एकेरी 'गा' झाला, हे मनोहररावांच्या कानांनी टिपलं. त्यांनी पेन उचललं, टोक त्या शब्दावर टेकवलंही. पण खोडलं की बाजूला स्वाक्षरी लागते, आणि स्वाक्षरीपाशी माणूस सापडतो. त्यांनी टोपण लावलं.

"आदेशावर हरकती मागवल्या होत्या," ते मऊ आवाजात म्हणाले. "पेपरात जाहिरात होती. पाचवं पान, खाली उजवीकडे."

बोरडोंगरीत पेपर येत नाही. वाचकहो, तुमच्याकडे येतो. त्या दिवशीही आला होता. त्या जाहिरातीवर तुमच्या चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं आहे. तुमच्या हरकतीचा रकाना तेव्हाच सुवाच्य अक्षरात भरून ठेवला आहे.

"आता फक्त तुमचं गाव राहिलं," मनोहरराव म्हणाले. "बोरडोंगरीची हरकत काय लिहू, ताई?"

गोपिकाबाईंनी पदरात बांधलेली आजच्या फेरीची पावती सोडली, सही न करता त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.