श्वेइमूचा कागदी कॉम्प्युटर

“तुझे बाबा आले होते स्वप्नात,” पेजेत चमचा फिरवत शिउलान म्हणाली. “कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणाले.”

च्याहोंगने काड्यांमध्ये धरलेला लोणच्याचा तुकडा परत वाटीत पडला. “कुठला कॉम्प्युटर?”

“तू जाळलास तो.”

जाळला होता हे खरं. कागदाची वस्तू जाळली की ती मेलेल्या माणसाला तिकडे पोचते, अशी रीत. दिवसकार्याच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी च्याहोंगने बापासाठी, श्वेइमूसाठी, कागदाचा तिमजली बंगला जाळला होता. बंगल्यात दोन कागदी नोकर, दारात कागदी मोटार आणि मोटारीत ड्रायव्हर. ज्या माणसाचा जन्म ताइनानच्या रस्त्यांवर बस चालवण्यात गेला, त्याला पोराने ड्रायव्हर पाठवला होता. बाप जिवंत असताना हाच च्याहोंग ताइपेहून कधीतरी यायचा आणि अर्धा वेळ फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारायचा. अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. कागदी बंगल्यांचा धंदा त्यांच्याच जिवावर चालतो.

कॉम्प्युटर बंगल्यावर फुकट मिळाला होता.

“चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं?” समोर बसलेल्या यीचेनने विचारलं. ही च्याहोंगची मुलगी. ती ताइनानलाच नोकरी करायची आणि आजीआजोबांकडेच राहायची. “पंखा फिरतो का? दिवा लागतो का?”

“ते मी कशाला विचारू? तो बसला होता काळ्या पडद्यासमोर, पांढरे हातमोजे घालून. म्हणाला, प्रवासी ताटकळलेत.”

सांगताना शिउलानचा चेहरा तक्रार घेऊन आलेल्या बाईसारखा नव्हता. घरी आवडीचा पाहुणा येऊन गेल्यावर होतो तसा होता. पण ते कुणी पाहिलं नाही, कारण बापलेकीचं तोवर भांडण सुरू झालं होतं.

ते हातमोजे खरे होते. निवृत्त झाल्यावर श्वेइमूला यीचेनने बस चालवायचा एक गेम दाखवला, आणि म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवसापासून नोकरीतले हातमोजे परत चढवले. गेममध्ये इतर लोक बस भिंतीवर आपटतात, फुटपाथवर चढवतात. हा प्रत्येक थांब्यावर थांबायचा. दार उघडून शेवटची म्हातारी चढेपर्यंत वाट बघायचा. घरातला कॉम्प्युटर जुना, त्यामुळे वळणावर चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. त्याचा याला फार त्रास. “उभी माणसं पडतील ना,” म्हणायचा.

जेवायच्या वेळी शिउलान हाका मारून दमायची. “शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ दे,” आतून उत्तर. “प्रवासी बसलेत गाडीत.” मग थोड्या वेळाने तो जुना कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा आणि श्वेइमू कुरकुरत जेवायला यायचा.

म्हणून आजोबा आणि नात मिळून नवा कॉम्प्युटर जुळवायला बसले होते. पेन्शनीत बसेल असा. एकेक भाग निवडायचा आणि तो दुसऱ्याशी जमतो का ते बघायचं. श्वेइमूला हे चटकन कळलं. “छोट्या गाडीला ट्रकचं इंजिन लावायचं नाही, एवढंच ना?” कॅबिनेट त्याला बुटकं हवं होतं, देवघराखालच्या फळीत बसेल असं. सगळं ठरलं, आणि भाग मागवायच्या आधीच म्हातारा गेला.

“फोटो बघा,” यीचेनने फोन बापापुढे धरला. जाळण्याआधी काढलेला फोटो. “हे बघा पप्पा, आत काहीच नाही. नुसतं खोकं! मदरबोर्ड नाही, रॅम नाही, काही नाही. चालू कसा होणार?”

“अगं, कागदाचा आहे तो!”

“मग बंगल्यात जिना कसा होता कागदाचा? संडास होता, त्याला झाकण होतं. आजोबांच्या कॉम्प्युटरलाच सगळं पोकळ?”

च्याहोंगने वाटीत चमचा घातला. पेज संपली होती. तिघं उठून लायच्या दुकानात गेले.

लाय हा कागदी वस्तू करणारा जुना कारागीर, श्वेइमूचा बुद्धिबळातला भिडू. बांबूच्या कामट्यांवर तो गुलाबी कागदी घोडा मढवत होता. सगळं ऐकून त्याने डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

“वहिनी, वडिलांच्या काळापासूनचं दुकान आहे हे. मालाबद्दल आजवर एक तक्रार आलेली नाही.”

“येणार कुठून लायकाका?” यीचेन म्हणाली.

लायने तिच्याकडे बघितलं, मग शिउलानकडे. “हिला जेवायला काय घालता तुम्ही? फार चुरचुरीत झालीय.”

शेवटी तो तयार झाला. सगळे भाग वेगवेगळे, कागदाचे, खऱ्यासारखे करायचे. यीचेन एकेक भाग फोनवर दाखवत गेली आणि लाय मापं घेत गेला. प्रोसेसर मधला, ग्राफिक्स कार्ड स्वस्तातलं आणि आखूड, पॉवर सप्लाय त्याला पुरेल एवढाच.

“थांब,” च्याहोंग म्हणाला. “मास्तर, भारी कार्ड आणि साधं कार्ड, कागदाच्या किमतीत फरक किती?”

“काही नाही. कागद तोच, डिंक तोच.”

“मग माझ्या बापाला साधं का? सगळ्यात भारी टाका.”

“पप्पा, ते बसणार नाही! ते कार्ड एवढं लांब असतं, आजोबांचं कॅबिनेट बुटकं आहे. वर त्याला वीज किती लागते!”

“तिकडे विजेचं बिल येतं का?”

“बिलाचा प्रश्न नाही, पॉवर सप्लाय...”

“गप्प बसा दोघं,” शिउलान म्हणाली. “त्याने निवडलं होतं तेच करायचं. जास्त खर्च केला तर तो मला स्वप्नात येऊन ओरडेल.” मग लायकडे वळून म्हणाली, “आणि सावकाश करा हो लायभाऊ. घाई नाही.”

घाई नाही? यीचेनला नवल वाटलं. पण आजी पर्स उघडत होती, आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी च्याहोंग एकटाच दुकानात गेला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, भारीवालंच टाका. पोरीला सांगू नका.” मोठ्या पोस्टवरच्या माणसाला दुसऱ्याचं ऐकण्याचा सराव नसतो. लायने भारी कार्ड केलं. ते कॅबिनेटमध्ये मावेना. त्याने ते मधोमध घडी घालून बसवलं. मग त्या घडीखाली रॅमची जागा गेली, म्हणून रॅमची पट्टी आडवी चिकटवली. डिंकाने सगळं घट्ट बसलं. दिसायला झकास झालं.

तोवर श्वेइमू स्वप्नात येतच होता. आज म्हणे तो स्क्रीन पुसत होता. परवा म्हणे चहा मागत होता. शिउलान रोज सकाळी ताजी बातमी सांगायची, आणि तिच्या गालांवर, म्हातारा गेल्यापासून पहिल्यांदाच, जरा रंग दिसायला लागला होता.

कॉम्प्युटर जाळायच्या दिवशी गल्लीत टेबल मांडलं. पेरू, अननस, दूधमाशाचं सूप, उदबत्त्या, श्वेइमूचा फोटो. शेजारचे आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आले. कुणाच्या घरात जिवंत माणूस महिनाभर खोकत पडला तर ही मंडळी फिरकत नाहीत, पण मेलेल्याला कॉम्प्युटर जाणार म्हटल्यावर बसायला जागा नव्हती.

जाळण्याआधी कौल लावायचा असतो. चंद्रकोरीसारखे दोन लाल ठोकळे, एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे म्हणजे नकार. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले, तर ज्याला विचारलं तो हसतोय.

शिउलानने ठोकळे कपाळाला लावले. “म्हाताऱ्या, हा कॉम्प्युटर चालेल ना?”

दोन्ही पालथे.

“नाही म्हणतोय!” शेजारीण ओरडली, जणू बाकीचे आंधळे होते.

यीचेनने कॅबिनेटचं झाकण उचललं आणि किंचाळली. “ही घडी कसली? लायकाका! ग्राफिक्स कार्डाची घडी घातलीत तुम्ही?”

लायने उदबत्त्या सरळ करायला घेतल्या. च्याहोंग फोन कानाला लावून अंगणाकडे निघाला. फोन वाजलाच नव्हता.

“पप्पा!”

“अगं, बाबांना चांगलं मिळावं म्हणून...” तो परत आला. “मी त्यांना कधी काही घेऊन दिलंच नाही गं.”

यावर कुणालाच ओरडता येईना. यीचेनने गुपचूप कात्री मागवली. लायने तिथेच बसून आखूड कार्ड कापलं, रॅम सरळ केली. पुन्हा कौल.

दोन्ही पालथे.

“रॅमची खाच चुकलीय,” यीचेन म्हणाली. “ही जुन्या पद्धतीची आहे, बोर्ड नवा आहे.” खाच सरकवली. पालथे. पॉवर सप्लायच्या वायरी लाल शाईने काढल्या. पालथे. आता गल्लीही सल्ले द्यायला लागली. कुणी म्हणालं, इंटरनेट जोडा. लायने निळ्या कागदाची वायर जोडली. पालथे. कुणी म्हणालं, खिडक्यांचं चित्र काढा स्क्रीनवर. काढलं. या वेळी दोन्ही उताणे.

“हसतोय,” शेजारीण म्हणाली.

“हसू दे,” यीचेन रडवेली झाली होती. “सगळं बरोबर आहे आजी. प्रत्येक भाग प्रत्येकाशी जमतो. याच्याहून बरोबर कॉम्प्युटर ताइनानमध्ये कुणी जुळवला नसेल. तरी नाही का म्हणतात?”

शिउलान ठोकळे हातात घेऊन उभी होती. सूपवरची वाफ संपत आली होती. तिने फोटोकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलली की शेजारणीला खुर्ची पुढे ओढावी लागली.

“मागचं बटण बंद आहे का रे?”

ठोकळे पडले. एक उताणा, एक पालथा.

“कुठलं बटण?” च्याहोंगने विचारलं.

तिने पुन्हा टाकले. होकार. तिसऱ्यांदाही होकार.

“कॉम्प्युटरच्या पाठीमागे असतं ना, वायरीजवळ, काळं,” शिउलान म्हणाली. “ते मी दाबायची. हाका मारून आला नाही की मागून जाऊन बंद करायची. म्हातारा म्हणायचा, जुना झालाय, आपोआप बंद पडतो. जेवून हात धुवेपर्यंत मी परत चालू करून ठेवायची. मागे बटण असतं हे त्याला जन्मात कळलं नाही.”

मग लाय खुर्चीतून उठला. “म्हणजे पहिला कॉम्प्युटर चालत होता!”

“आतून पोकळ होता तो!” यीचेन म्हणाली.

“तिकडे चालतो!” लायने दोन्ही हात वर केले. “वडिलांच्या काळापासून एक तक्रार नाही!”

“पण आजी,” यीचेनने आजीचा दंड धरला. “तुला पहिल्याच दिवशी सुचलं असेल ना बटणाचं? मग सांगितलं का नाहीस त्यांना?”

“सांगितलं असतं तर कॉम्प्युटर चालू झाला असता,” शिउलान म्हणाली. “मग तो कशाला आला असता?”

च्याहोंग खाली बघून ठोकळे गोळा करायला लागला. सगळे ठोकळे म्हणजे दोनच, पण त्याला बराच वेळ लागला.

शिउलानने पदराला पुसावेत तसे ब्लाउजला हात पुसले आणि ती फोटोजवळ वाकली. “ऐक म्हाताऱ्या. बूड उचल. मागे जा. वायर जिथे घुसते ना, तिथे वर काळं बटण आहे. रेघ आहे त्या बाजूने दाब, गोल आहे त्या बाजूने नाही. कळलं?” च्याहोंगच्या हातून ठोकळे घेऊन तिने टाकले.

होकार.

नवा कॉम्प्युटरही जाळला. एवढा जुळवला होता, आणि लाय म्हणाला की सुटे भाग तिकडेही मिळत नसतील. आखूड कार्ड सगळ्यात आधी पेटलं.

दुसऱ्या सकाळी च्याहोंगने बॅग भरून ठेवली होती, पण तो पेजेवरून उठत नव्हता. “बाबा आले होते?”

“नाही.”

“परवा येतील.”

“आता कसला येतो. गाडी सुरू झाली त्याची.” ती हसली, पण नीट जमलं नाही.

च्याहोंग त्या दिवशी ताइपेला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही त्याच्या बॅगेला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी शिउलानने दूधमाशाचं सूप केलं, भरपूर आलं घालून, आणि वाफाळता वाडगा देवघरात फोटोपुढे ठेवला. “श्वेइमू, जेवायला चल.” ठोकळे टाकले. नकार. “गार होतंय.” नकार. तिची नजर सवयीने देवघराखालच्या फळीकडे, जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे गेली. ते बटण आता तिच्या हातात राहिलं नव्हतं.

“शेवटचा थांबा राहिलाय का?” तिने विचारलं.

दोन्ही ठोकळे उताणे पडले.

“बरं,” शिउलान म्हणाली. तिने वाडग्यावर झाकण ठेवलं, स्टूल ओढलं आणि सगळे प्रवासी उतरेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.