चुकलं की नाचणारं अस्वल

चुकलेल्या मुलाला वाईट वाटता कामा नये, याबाबत सुधारलेल्या समाजात दुमत नाही. (चुकलेल्या मोठ्यांना ते वाटेनासं होऊन बराच काळ लोटला.) याच उदात्त भूमिकेतून आमच्या शाळा समितीने अंकगणिताचा व्हिडिओ गेम बनवून घेतला आणि गणिताच्या बाईंना वर्षअखेरीपर्यंतच ठेवायचं ठरवलं.

गेममध्ये उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण येई, आणि लगेच आणखी अवघड गणित. उत्तर चुकलं, तर सांत्वनासाठी एक लठ्ठ अस्वल चड्डी सावरत नाचे. बरोबर आलेल्याला सांत्वन कशाला, हा समितीचा मुद्दा बिनतोड होता.

पहिल्या आठवड्यात मुलांना अस्वलाचा शोध लागला. दुसऱ्यापासून शाळेत एकही उत्तर बरोबर आलं नाही. बरोबर उत्तरालाही अस्वल नाचवावं, अशी सूचना आली. पण तो चुकणाऱ्यांवर अन्याय झाला असता. अहवालानुसार मुलांची गोडी शंभर टक्के, एकाग्रता एकशे दहा टक्के आणि बेरीज 'प्रगतिपथावर' होती. परीक्षेत मुलं सात अधिक पाच तेवीस लिहून बाईंकडे आशेने बघत बसली. बाई नाचल्या नाहीत. (अहवालात याची नोंद 'शिक्षकांचे असहकार्य' अशी आहे.)

शेवटी पालकसभा भरली. बाई की अस्वल, याचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

"मला अजून एक वर्ष द्या," बाई म्हणाल्या. "पोरं हुशार आहेत. येईल त्यांना."

"ते खरं हो बाई," एका मुलीचे वडील म्हणाले, "पण तुम्ही शिकवलंत की आमची पोरगी घरी येऊन डोकं खाते. हे कसं, ते का. गेम दिला की जेवणापर्यंत हूं की चूं नाही."

"विचारणारच ती," बाई म्हणाल्या. "शिकतेय ना."

हे वाक्य त्यांना भोवलं. सगळे हात भराभर अस्वलाच्या बाजूने वर गेले. बाईंनी पर्स उचलली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

तुम्ही त्या सभेत असतात तर हात वर केला असतात का, हे मी विचारत नाही. एवढा मजकूर तुम्हाला कुणी मध्ये न बोलता वाचता आला. घरातलं मूल इतका वेळ कशात गुंतलंय, तेवढं मात्र उठून बघा.