तीन बोटांची जागा

ज्या वर्षी केसरीनाथशेठच्या मुलीची, उन्नतीची हळद झाली, आणि मंडप पुरेना म्हणून निम्मी माणसं कशेळीच्या रस्त्यावर, वाहतुकीत अडकलेल्या कंटेनरच्या सावलीत उभी राहून जेवली, त्या वर्षाची ही गोष्ट.

हळदीला दोन महिने असताना शेठच्या ध्यानात आलं की आपल्या दारात तीन गाड्या आहेत आणि दिघाशीच्या व्याह्यांच्या दारात चार. आणखी दोन घेऊन पाच केल्या तर व्याही सहा करतील. म्हणून त्यांनी शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा आणला. रोज सकाळी त्याच्यावर बसून आपल्या गोदामांभोवती रपेट मारायची, आणि हळदीला त्याच्यावरूनच मंडपात शिरायचं, असं ठरलं. कागदावर घोड्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. दत्तू त्याला राजू म्हणे.

दत्तू टेमघरचा. शर्यतीच्या तबेल्यात तीस वर्षं घोडे सांभाळून घरी बसला होता. शेठनी त्याला राजूसाठी बोलावून घेतलं. सही करायला तो पन्नाशीत शिकला होता, त्यामुळे वाचल्याशिवाय सही करायची नाही अशी वाईट खोड त्याला लागली होती.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "शेठ, पळणाऱ्या घोड्याचं खांद्यावरचं हाड उंच असतं. शर्यत सुटली की पाठीवरचं मांसपण उतरतं. रोजच्या रपेटीला खोगीर घ्यायचं तर पयली त्याची पाठ मोजा. खोगीर आणि हाड यांच्यामंदी एकावर एक तीन बोटं गेली पायजेत. न्हाय गेली, तर पाठ लागंल, हाडावर जखम व्हईल."

"एवढंच ना?" शेठ म्हणाले. "मग समिती नेमू."

खोगीर निवड समितीत शेठ अध्यक्ष, पत्नी कमळ सदस्य आणि तहसिलातून निवृत्त झालेले चांगदेव सचिव. दत्तूने राजूच्या पाठीवर जाड तार वाकवून बरोब्बर आकार घेतला आणि ती तार सभेत ठेवली.

चांगदेवांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"राजूची पाठ."

"तार फायलीला लावता येत नाही. कागदावर आणा."

दत्तूने वर्तमानपत्रावर तार ठेवून पेन्सिलीने आकार काढला. चांगदेवांनी तो उलटसुलट पाहिला. "मागे निधनवार्ता आहेत. अशुभ कागद मंगलकार्याच्या फायलीत चालत नाही."

मग चर्चा झाली की खोगिरावर घोडा बसणार की माणूस. माणूस, असं एकमताने ठरलं. म्हणजे मोजमाप बसणाऱ्याचं घ्यायला हवं. शिंप्याला बोलावून तिघांचीही बैठक मोजली आणि सरासरी काढली. घोड्याचं माप घ्यावं, ही दत्तूची सूचना 'विषयाशी संबंधित नाही' म्हणून नोंदवली गेली.

खोगीर बनवलं ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या एका कारागिराने. पाठीला टेका, दोन्ही बाजूंना हात ठेवायला गाद्या, मोबाईल अडकवायची जागा, आणि मागे जरीत 'शेठ'. दोन माणसांनी उचललं तेव्हा ते हललं.

"सोफ्यापेक्षा मऊ हाय गो बाय," कमळ हात फिरवत म्हणाली.

"वहिनी, राजूला विचारा," दत्तू म्हणाला.

खोगीर राजूवर चढवलं. राजूने मान खाली घातली. दत्तूने तीन बोटं घालायचा प्रयत्न केला. "न्हाय जात."

"तुझी बोटं जाड आहेत," चांगदेव म्हणाले. "नियमात कोणाची बोटं ते कुठे लिहिलंय?"

कमळने प्रयत्न केला. एक बोट कसंबसं शिरलं आणि अंगठी आत अडकली. साबण लावून ती सोडवेपर्यंत चांगदेवांना मार्ग सुचला. "एक गेलं ना? मग ते काढा. आता दुसरं घाला. गेलं? आता तिसरं. झाली तीन."

"साहेब, एकदम तीन जायला पायजेत!"

"ते तू म्हणतोस. आम्ही टप्प्याटप्प्याने घातली."

योग्यतेचा दाखला तयार झाला. दत्तूने तो बोट फिरवत अक्षर-अक्षर वाचला आणि पेन खाली ठेवला.

"दत्तूकाका, हळद चार दिवसांवर आली," शेठ अजिजीने म्हणाले. "व्याही हसतील. माझ्या तोंडाकडं बघा."

"शेठ, मी राजूच्या पाठीकडं बघतोय."

दत्तूला विश्रांती देण्यात आली. सही सीटवाल्याने केली. शेवटी तज्ज्ञ तोच होता.

हळदीच्या दिवशी डीजेपुढे शेठ राजूवरून आले. मंडपाला तीन फेऱ्या झाल्या. राजू डगमगला तेव्हा लोकांना वाटलं, नाचतोय. त्याच्यावर नोटा उधळल्या. खोगीर उतरवलं तर हाडावर तळहाताएवढी जखम. समितीने लगेच दखल घेतली: व्याह्यांना द्यायला आणलेल्या शालींतली एक उरली होती, ती त्यावर घालून राजूचा सत्कार केला. दुसऱ्या दिवशी शालीवर पुन्हा खोगीर, कारण दाखला एक वर्षासाठी वैध होता.

अकराव्या दिवशी दत्तू न बोलावता आला. शाल जखमेला चिकटली होती. राजूचा जबडा उघडत नव्हता. दत्तूने धावत जाऊन जनावरांचा डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, धनुर्वात. आठ दिवस आधी बोलवायचं.

पुढे चौकशी झाली. अहवाल एका ओळीचा: 'खोगीर सुस्थितीत आहे.' श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्यावर बावीस चेहरे होते. घोड्यासाठी जागा उरली नाही.

खोगीर आता गोदामाच्या फाटकाशी सिमेंटच्या कठड्यावर बसवलंय. दत्तूची तार वाया गेली नाही; तिच्यात लिंबू-मिरची ओवून ती खोगिरालाच टांगलीय. येणारेजाणारे बसून फोटो काढतात. तुम्हीही मागे काढलात. 'काय ऐसपैस आहे हो!' असं म्हणालात, आणि उतरताना खाली बोट घालून पाहिलं नाहीत.

राजू घोडा वारला तो उन्नतीच्या हळदीनंतर अठराव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी नऊ वाजता.