अर्धा किलो कमी भरलेला रिसीव्हर

सासऱ्यांचे स्पीकर गुरुवारी टेम्पोतून आले आणि निरीक्षकांच्या बैठकीच्या खोलीत माणसांना बसायला जागा उरली नाही. दोन्ही स्पीकर कमरेएवढे उंच आणि सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेले. रेडिओ केंद्रात तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेल्या माणसाने एकेक फळी तासून, ऐकून, नाक मुरडून, पुन्हा तासून ते उभे केले होते. मुलीची पाठवणी करताना त्यांनी जावयाला जेवढ्या सूचना दिल्या नव्हत्या, तेवढ्या त्या दिवशी टेम्पोवाल्याला दिल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. रविवारी दहा वाजता ते स्पीकर ऐकायला येणार होते. नीट वाजले तर मुलीकडे कायमचं राहायला येईन, नाही वाजले तर टेम्पो परत बोलवा, असं त्यांनी सांगून टाकलं.

निरीक्षकांच्या बायकोने ही अट ऐकली आणि ती खुर्चीत बसूनच राहिली. आई गेल्यापासून दोन वर्षं ती वडिलांना इकडे या म्हणून विनवत होती. दर वेळी त्यांच्याकडे नवं कारण तयार असे. कधी जिना, कधी पेपरवाला, कधी दाराचं कुलूप नीट लागत नाही हे. एकटं राहून ते वाळत चालले होते, फोनवर खोकला दाबून बोलत होते, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी नाही म्हणण्याऐवजी अट घातली होती.

आता राहिला होता फक्त रिसीव्हर. म्हणजे टीव्हीतला किंवा मोबाइलमधला आवाज घेऊन, त्याला ताकद देऊन स्पीकरपर्यंत पोचवणारा डबा. तो पगारात बसणारा हवा होता आणि सासऱ्यांच्या कानाला पटणारा हवा होता. निरीक्षकांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली. एकाने एका रिसीव्हरची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली होती आणि त्याच्याच खाली दुसऱ्याने, त्यातून धूर निघतो, असं शपथेवर लिहिलं होतं. शिवाय प्रत्येक डब्याला सात स्पीकर जोडायची सोय. निरीक्षकांकडे होते दोन. उरलेली पाच भोकं पाहून त्यांना उगीचच अपराधी वाटलं.

शेवटी त्यांनी सासऱ्यांनाच विचारलं.

"खोक्यावर वॉट किती लिहिलेत ते बघू नका, जावईबापू. कागदावर कितीही वॉट लिहिता येतात. माझे स्पीकर खादाड आहेत, त्यांना दणकट ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि ट्रान्सफॉर्मर दणकट असला की डबा जड होतो. स्वस्तातला घ्या, पण वजन बघून घ्या."

वजन हा शब्द ऐकताच निरीक्षकांचा चेहरा उजळला. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अख्ख्या बाजारातले काटे तपासणं, कमी भरणाऱ्याला पकडणं आणि माल सील करणं यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. घरात साखरेची पिशवी आली तरी आधी काट्यावर चढायची, मग डब्यात जायची. लग्नापूर्वी बायकोने आपलं वजन पंचावन्न किलो सांगितलं होतं. ते त्यांनी तपासून पाहिलं नाही, आणि आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेली ती एकमेव सूट.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ते घरचा काटा पिशवीत घालून बाजारात गेले. ऑफिसचा काटा खाजगी कामाला नेणं त्यांना शक्यच नव्हतं. पहिल्या दुकानात त्यांनी शांतपणे काटा जमिनीवर ठेवला आणि एक रिसीव्हर त्यावर चढवला. मालकाने त्यांना ओळखलं आणि त्याला घाम फुटला. त्याने चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि यातला कुठलाही डबा साहेबांना निम्म्या किमतीत देतो म्हणाला. निम्म्या किमतीत का, असं निरीक्षकांनी विचारल्यावर तो नुसता हसला. ते हसणं निरीक्षकांनी बावीस वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं. ते काटा उचलून बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानाचा मालक रिसीव्हरच्या रांगेसमोर उभा राहून, आम्ही रिसीव्हर ठेवत नाही, असं म्हणाला. तिसऱ्याने अर्धं शटर ओढून घेतलं. तोवर साहेब काटा घेऊन हिंडताहेत ही बातमी रस्ताभर झाली होती. त्या संध्याकाळी तिथे ज्यांनी भाजी घेतली, त्यांना किलोमागे शंभर ग्रॅम जास्त मिळाली. निरीक्षक मात्र हात हलवत घरी आले.

शनिवारी शाळा सुटल्यावर बायको एकटीच गेली. ती भूगोल शिकवायची, आणि चाळीस मुलांना गप्प बसवणाऱ्या बाईपुढे एका दुकानदाराचं काय चालणार. तिने दोनदा पर्स उघडली, दोनदा मिटली आणि गेल्या वर्षीचं एक मॉडेल त्यांना परवडेल अशा भावात पदरात पाडून घेतलं. खोक्यावर ठसठशीत छापलं होतं: रिसीव्हरचं निव्वळ वजन दहा किलो. निरीक्षक खूश झाले. त्यांनी खोकं उघडलं, वायरी काढून ठेवल्या, आणि केवळ सवयीने डबा काट्यावर ठेवला.

नऊ किलो चारशे साठ ग्रॅम.

त्यांनी पुन्हा ठेवला, मग पुन्हा. मग घरचीच प्रमाणित वजनं लावून काटाच तपासला. काटा बरोबर होता. डबा चौथ्यांदा चढवला, आकडा तोच.

"पाचशे चाळीस ग्रॅम कमी," ते पडेल आवाजात म्हणाले.

"असू दे. लावा तो आधी."

"लावता येणार नाही. हा पुरावा आहे."

"अहो, सोमवारी करा ना तक्रार."

"एकदा जोडला की कंपनी म्हणणार, तुम्हीच उघडून आतलं काढलंत. सील आत्ताच करायला हवं."

"दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलेय," बायको म्हणाली. "उद्या ते या खोलीत बसणार आणि काहीच वाजणार नाही. मग टेम्पो येणार आणि ते परत त्या रिकाम्या घरात जाणार. तुम्हाला हे पाचशे चाळीस ग्रॅम त्याहून जड आहेत का?"

सासरे येणार म्हणून निरीक्षकांनी आपलं निम्मं कपाट रिकामं केलं होतं, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण परक्या दुकानात जे खपवून घेतलं नाही ते स्वतःच्या घरात कसं खपवायचं? त्यांनी रिसीव्हर जुन्या चादरीत गुंडाळला, गाठींवर लाख ओतली, शिक्के मारले आणि पंचनामा लिहायला घेतला. तक्रारदार बायको, कारण खरेदी तिची. ती पाठ फिरवून सही करून गेली. पंच दोन हवे होते. खालच्या मजल्यावरचा शिंपी आला आणि चादरीच्या गाठींना नावं ठेवत सही करून गेला. दुसरा पंच मिळेना. सरकारी कागद म्हटल्यावर अख्ख्या इमारतीला एकाएकी बाहेरची कामं निघाली.

रविवारी बरोबर दहाला सासरे आले. बरोबर पिशवी नव्हती, हे मुलीने दारातच पाहून घेतलं. ते स्पीकरांसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"हं. लावा."

कुणीच हललं नाही. सासऱ्यांनी डोळे उघडले. मुलीने कोपऱ्यातल्या लाल शिक्क्यांच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. निरीक्षकांनी पंचनामाच पुढे केला. सासऱ्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"तीनदा मोजलात?"

"चारदा. चौथ्यांदा काटा तपासून."

सासरे हसायला लागले. आधी खांदे हलले, मग खोकला आला, मग ते डोळे पुसत हसत राहिले. दोन वर्षांत मुलीने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अर्धा किलो तांबं गिळलं मेल्यांनी. हा लावला असतात तर जरा आवाज वाढवल्याबरोबर गुदमरला असता, आणि मी तुम्हाला नावं ठेवत घरी गेलो असतो. तीस वर्षं दिसेल त्याला सांगतोय, वजन बघा, वजन बघा. सगळे मान डोलावतात. काटा लावणारे तुम्ही पहिले." त्यांनी कागद उलटा केला. "ही दुसरी सही का राहिली?"

"पंच मिळत नाही."

"आणा पेन."

"तुम्ही चालणार नाही, बाबा," निरीक्षक म्हणाले. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "नात्याची अडचण नाही. पण पंच इथलाच रहिवासी लागतो. नियम आहे."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं, मग स्पीकरांकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे. त्यांनी जावयाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सावकाश लिहिलं. निरीक्षकांनी कागद हातात घेतला. नाव, वय, व्यवसाय सगळं नीट होतं. वर तक्रारदाराचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, घर क्रमांकासकट पूर्ण पत्ता होता. त्याच्याखाली, पंचाच्या पत्त्याच्या जागी, सासऱ्यांनी लिहिलं होतं: वरीलप्रमाणे.

बायकोने ते नवऱ्याच्या खांद्यावरून वाचलं आणि तिला रडू आवरेना. निरीक्षकांनी तीच ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

"बाबा, कधीपासून राहता, तो रकाना रिकामा आहे."

सासऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"लिहा, सकाळी दहापासून."