नानांचे फुगे आणि जत्रेची नोटीस

कॉम्प्युटरला मी कधी घाबरलो नाही. बंद पडलेला प्रिंटर नुसत्या दोन थपडांत चालू करणारा अख्ख्या पळसदरीत एकच माणूस, तो म्हणजे मी! म्हणूनच जत्रा कमिटीच्या मालोजीकाकांना मी छातीठोकपणे सांगितलं, "यंदाची नोटीस कर्जतला नाय द्यायची. मी घरीच छापतो!"

त्याच आठवड्यात मी आणखी एक पराक्रम केला होता. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, आणि आई ब्राउझरमध्ये फुगे फोडायचा खेळ खेळायचे. पडद्यावर पहिल्या नंबराचं एकच नाव राहायचं. ते आईचं होतं, अठरा हजार चारशे वीस. २०२१च्या जानेवारीत आई गेली. त्याच महिन्यात खेळ चालवणारं जुनं सॉफ्टवेअर जगभर बंद झालं. आईचं नाव पुन्हा दिसावं, एवढंच नानांचं मागणं होतं. शेवटी मला उपाय सापडला. नेटची वायर काढायची आणि कॉम्प्युटरची तारीख मागं न्यायची! मी डिसेंबर २०२० केला आणि फुगे उडाले.

नाना खेळाकडे कमी, कोपऱ्यातल्या तारखेकडे जास्त बघत होते. "तवा ती व्हती रं घरात," ते म्हणाले. मी तारीख तशीच ठेवली.

तिथंच माती खाल्ली!

नोटीस टाइप करून सेव्ह केली. मग नोटिशींच्या फोल्डरमधली सगळ्यात वरची फाईल न वाचता छापली, कारण ताजी फाईल वर असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माझी ताजी फाईल होती २०२०ची! वर बसली होती २०२१च्या फेब्रुवारीत कमिटीसाठी मीच टाइप केलेली, "कोरोनामुळे जत्रा रद्द." वीस कागद मी स्वतः चिकटवले, ग्रुपवर फोटोही टाकला. तारीख कुणी वाचली नाही. कोरोना वाचल्यावर तारीख कोण वाचतो?

खोपोलीहून मावशीचा फोन आला, "परत आला काय रं त्यो?" मेडिकलमधले मास्क संपले. पाळणेवाला दुसऱ्या गावाला निघून गेला. मी खुलासा टाकला, तर लोक म्हणाले, "दडवतायत!" जत्रेला पालखीमागे आम्ही अकरा जण होतो, त्यात दोन कुत्री.

दुसऱ्या दिवशी मालोजीकाका घरात घुसले. "कुठं हाय त्यो डबा? फोडतोच!"

"फोडा," नाना शांतपणे म्हणाले, "पण आदी फुगे फोडून बगा."

काकांनी माऊस मुठीत आवळला. सगळा राग फुग्यांवर निघू लागला. पाच हजार! बारा हजार! चहा गार झाला. अठरा हजार पाचशे! पडद्यावर चौकट आली, नाव टाका.

"जितलो की मी!" काका ओरडले.

नानांचा चेहरा पार उतरला. इतक्या वर्षांनी सापडलेलं आईचं नाव आता माझ्यादेखत पुसलं जाणार होतं.

"काका," मी कसंबसं म्हणालो, "त्ये वरचं नाव आयचं हाय."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग एक बोट कीबोर्डवर फिरवत म्हणाले, "वैनीचं स्पेलिंग सांग."

आता पडद्यावर आईचे अठरा हजार पाचशे आहेत. नाना येईल त्याला सांगतात, "गेली तरी आकडा वाढवतीय ती."

पुढच्या वर्षीची नोटीस मात्र मी खडूनं फळ्यावर लिहिणार आहे. कमिटीनं तसा ठरावच केलाय, एकमतानं!